भाग न देता ओळखलेली मूळ संख्या

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ही ३९ अंकी संख्या म्हणजे २ चा १२७ वा घात वजा १. ती मूळ आहे हे फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने १८७६ मध्ये दाखवले. त्यानंतर १९५१ पर्यंत, तब्बल ७५ वर्षे, तिच्याहून मोठी मूळ संख्या कुणालाच ठाऊक नव्हती.

२ च्या घातातून १ वजा केला की कधी कधी मूळ संख्या मिळते: ३, ७, ३१, १२७. घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्याने भागत नाही. ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते निघतात २३ गुणिले ८९. मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या 'चालणाऱ्या' घातांकांची यादी दिली. तिच्यात ६७ आणि २५७ चुकून आले, ६१, ८९ आणि १०७ राहून गेले. १२७ मात्र बरोबर होता.

स्विस गणिती ऑयलरने १७७२ मध्ये ३१ व्या घाताचा निकाल लावला तो भाग देऊनच. कोणते विभाजक संभवतात हे आधी ठरवून त्याने पुष्कळ मेहनत वाचवली. १२७ साठी तो मार्ग बंद होता, कारण विभाजक २० अंकी संख्यांपर्यंत तपासावे लागले असते.

ल्युकाने भाग देणेच सोडले, आणि मला या इतिहासातली सर्वात सुंदर गोष्ट हीच वाटते. त्याची कसोटी अमेरिकन गणिती लेहमरने १९३० च्या सुमारास सुटसुटीत केली. ४ पासून सुरुवात करा, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. पायऱ्या घातांकाहून दोन कमी. ३१ ही संख्या पाहा, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १, पायऱ्या तीन: ४, मग १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२. ६२ ला ३१ ने पूर्ण भाग जातो, म्हणजे ३१ मूळ. १२७ व्या घातासाठी अशा १२५ पायऱ्या पुरतात.

प्रत्येक पायरीत मात्र ३९ अंकांपर्यंतच्या संख्येचा वर्ग करायचा. त्यासाठी ल्युकाने द्विमान पद्धत (संख्या फक्त ० आणि १ ने लिहिण्याची) घेऊन १२७ गुणिले १२७ घरांचा पट कल्पिला: १ असेल तिथे सोंगटी, ० असेल तिथे रिकामे घर. या पद्धतीत बाकी काढायला भागाकार लागत नाही. डावीकडून बाहेर पडणारी सोंगटी उजवीकडून पुन्हा आत आणायची, की झाले.

१९५२ मध्ये अमेरिकन गणिती रॉबिन्सनने हीच कसोटी संगणकावर चालवून ५२१ वा घात गाठला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, ४ कोटी १० लाखांहून अधिक अंकांची संख्याही (घातांक १३६२७९८४१) शेवटी याच कसोटीवर पक्की झाली.

ल्युकाच्या शोधानंतर बेल्जियममधल्या कातालान या गणितीचे लक्ष एका साखळीकडे गेले. २ घातांक घेतला की ३, ३ घेतला की ७, ७ घेतला की १२७, आणि १२७ घेतला की ल्युकाची संख्या. सगळ्या मूळ. आता तीच ३९ अंकी संख्या घातांक म्हणून घेतली तर? उत्तर आजही कुणाकडे नाही. ल्युकाची कसोटी लावायची तर पायऱ्यांची संख्याच ३९ अंकी होते.