खाचेत रंग आपणहून का धावतो?

मिग-21 भारतीय हवाई दलातून 26 सप्टेंबर 2025 रोजी निवृत्त झालं. त्यानंतर हौसेने त्याचं प्लास्टिक मॉडेल करायला घेतलेले लोक एकच तक्रार करतात: काळा रंग पाण्यात पातळ करून फासला, तर पत्र्यांच्या जोडरेषा उठून दिसायच्या सोडून सगळं विमानच मळकट झालं.

होणारच! वॉश, म्हणजे असा पातळ केलेला गडद रंग, ही फासायची गोष्टच नाही. ब्रशचं टोक जोडरेषेच्या खाचेला एका जागी टेकवायचं, पुढे रंग स्वतःच धावतो. हे केशाकर्षण. शाळेत ते उभ्या काचनळीत शिकवतात. इथे नळी आडवी आणि वरून उघडी. अशा खाचेत द्रव शिरणार की नाही, हे स्पर्शकोनावर, म्हणजे द्रवाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्यावर, ठरतं. अळवाच्या पानावर पाणी गोळी होऊन बसतं, तिथे हा कोन मोठा. द्रव पसरला की कोन लहान. व्ही आकाराच्या खाचेचा हिशोब तर फारच देखणा आहे: 90 अंशांतून खाचेचा अर्धा कोन वजा करा; स्पर्शकोन त्याहून कमी असेल तरच द्रव आपणहून धावेल. खाच 60 अंशांची धरली तर मर्यादा 90 वजा 30, म्हणजे 60. गुळगुळीत ॲक्रिलिकवर पाण्याचा स्पर्शकोन सुमारे 70 अंश असतो, म्हणजे पाणी नापास. तैलरंग पातळ करायच्या मिनरल टर्पेंटाइनचा पृष्ठताण पाण्याच्या साधारण एक तृतीयांश. ते जवळजवळ सपाट पसरतं आणि सहज पास होतं. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकला की पाणीही धावू लागतं, ते याच गणिताने.

द्रव खाचेत जेवढा पुढे जातो, ते अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. पहिला सेंटिमीटर एका सेकंदात झाला, तर दोन व्हायला एकूण चार सेकंद लागतील आणि तीन व्हायला नऊ, कारण ओला पट्टा लांबत जातो तसा मागून येणाऱ्या द्रवाला अडथळाही वाढतो. म्हणून लांब रेषेला दोन-तीन ठिकाणी ब्रश टेकवावा.

मॅट रंगाचा पृष्ठभाग म्हणजे सूक्ष्म खाचांचं रानच. तिथे टर्पेंटाइन चौफेर पसरतं, आणि वाळताना कडेला बाष्पीभवन जास्त झाल्याने रंगकण वाहत कडेलाच जमतात. कॉफीच्या डागाला कड का येते, याचं हेच स्पष्टीकरण शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 1997 मध्ये दिलं. यावर उपाय म्हणून आधी ॲक्रिलिकचा चकचकीत थर देऊन तो पूर्ण वाळवावा, मग वॉश द्यावा आणि मॅट थर शेवटी.

‘खास अमुक विमानासाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या बाटल्यांच्या नादी लागू नये. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन पुरतं. प्रत्येक रेषा काळीकुट्ट करणं हेही फॅडच. 1:72, म्हणजे खऱ्याहून 72 पट लहान, मॉडेलवरची 0.2 मिलिमीटरची खाच खऱ्या विमानावर 14.4 मिलिमीटरची फट होईल. असं विमान कोणी धावपट्टीवर आणणार नाही. म्हणून मी काळ्याऐवजी मूळ रंगाहून थोडी गडद छटा घेतो, आणि जादाचा वॉश पुसताना बोळा नाकाकडून शेपटीकडे फिरवतो, कारण उडताना तेलाचे ओघळ हवेसोबत तसेच मागे जातात.

टर्पेंटाइनचं डबकं मात्र कुठेही साचू देऊ नये. ताणाखाली असलेल्या पॉलिस्टायरीनमध्ये, म्हणजे मॉडेलच्या प्लास्टिकमध्ये, ते शिरलं की बारीक तडे जातात. चाकांच्या बारीक दांड्यांवर मॉडेलचा सगळा भार असतो, म्हणून वॉश देताना मॉडेल चाकांवर उभं न करता आडवं ठेवावं.