हिस-टॅग आणि फ्लॅग-टॅग: एकाच्या जागी दुसरा का चालत नाही

जनुकाच्या टोकाला थोडा जादा डीएनए जोडला की पेशीत बनणाऱ्या प्रथिनाला छोटी शेपटी, म्हणजे टॅग, येते आणि तिला धरून ते वेगळं काढता येतं. हिस आणि फ्लॅग या दोन्ही शेपट्या १९८८ साली पुढे आल्या. प्लास्मिड (जनुक पेशीत नेणारं डीएनएचं वर्तुळ) निवडताना कुठलीही घेतली तरी चालेल असं अनेकांना वाटतं. पण दोन्हींची पकड मुळातच वेगळी आहे.

हिस-टॅग म्हणजे हिस्टिडिन हे अमिनो आम्ल ओळीनं सहा वेळा. ते रेझिनवरच्या, म्हणजे कॉलम नावाच्या नळीत भरलेल्या बारीक मण्यांवरच्या, निकेलला धरतात. हा निव्वळ रसायनाचा मामला, त्यामुळे प्रथिन पूर्ण उलगडलेलं असलं तरी बिघडत नाही. प्रथिन उलगडून टाकणाऱ्या ८ मोलर युरियातही पकड टिकते, म्हणूनच इन्क्लुजन बॉडीत (पेशीत साचलेल्या न विरघळणाऱ्या प्रथिनाच्या गोळ्यात) अडकलेलं प्रथिन विरघळवून याच टॅगनं धरता येतं. सोडवायला २५० मिलिमोलरच्या आसपास इमिडाझोल पुरतं; हा छोटा रेणू हिस्टिडिनच्या जागी निकेलला धरतो. अडचण अशी की हिस्टिडिनची दाटी असलेली पेशीची स्वतःची प्रथिनंही निकेलला चिकटतात. ई. कोलाय या जिवाणूतलं स्लायडी (SlyD) हे प्रथिन त्यातलं नेहमीचं. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर २५ किलोडाल्टनच्या जवळ एक बँड (पट्टा) काही केल्या जात नसेल, तर पहिला संशय त्याच्यावर घ्या आणि वॉश बफरमधलं (धुण्याच्या द्रावणातलं) इमिडाझोल वाढवून बघा. प्रोटीएज इनहिबिटरची (प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स रोखणारी) गोळी ईडीटीए हे धातू पकडणारं रसायन नसलेलीच वापरा. नाहीतर ईडीटीए निकेल ओढून नेतं आणि निळसर कॉलम पांढरा पडतो.

फ्लॅग हा खऱ्या अर्थानं एपिटोप टॅग, म्हणजे अँटीबॉडी ओळखते असा तुकडा. डी-वाय-के-डी-डी-डी-डी-के ही आठ अमिनो आम्लं एम२ अँटीबॉडी नेमकी ओळखते. वेस्टर्न ब्लॉटवर (अँटीबॉडीनं प्रथिन शोधायच्या चाचणीत) हिसच्या अँटीबॉडीपेक्षा फ्लॅगचा बँड सहसा स्वच्छ दिसतो. फ्लॅग पेप्टाइड ओतून प्रथिन अलगद सोडवता येतं, त्यामुळे त्याला बिलगलेली जोडीदार प्रथिनंही सोबत येतात. मात्र अँटीबॉडी स्वतःच प्रथिन आहे. युरिया किंवा डीटीटीनं (प्रथिनातले गंधकाचे बंध तोडणाऱ्या रसायनानं) तीच निकामी होते. शिवाय ही अँटीबॉडी लावलेलं रेझिन महाग आणि धरतं कमी.

म्हणून ई. कोलायमधून मिलिग्रॅमनी प्रथिन हवं असेल तर मी डोळे झाकून हिस सुचवेन. सस्तन प्राण्यांच्या पेशींतलं थोडंसं प्रथिन त्याच्या जोडीदारांसकट पकडायचं असेल, तर फ्लॅगच.

एका टोकाला हिस आणि दुसऱ्या टोकाला फ्लॅग लावणं हा माझा आवडता उपाय. आधी निकेलवर गर्दी हटवायची, मग एम२वर चढवायचं. अर्धवट तुटलेल्या तुकड्यांना एकच शेपटी असते, त्यामुळे ते कुठल्या ना कुठल्या कॉलमवर गळतात.