घरच्या घरी आठवडी बाजार : मुलांच्या वाढदिवसाचे नियोजन करणाऱ्या पालकांसाठी माहितीपत्रक

आमचे दुकान पुण्यात असून तेथे कागद, रंग आणि हस्तकलेचे साहित्य मिळते. वाढदिवस चार दिवसांवर आला की पालक येतात, सजावटीचे तयार संच हातात घेऊन पाहतात, किंमत विचारतात आणि पुष्कळदा हिरमुसून परत ठेवतात. अशा वेळी गल्ल्यापाशी उभ्या उभ्या जे बोलणे होते ते अपुरे पडते, म्हणून हे पत्रक तयार केले आहे. आमचे मत स्पष्ट आहे : वाढदिवसाची तयारी मुलांच्या हाती दिली तर विकत आणण्याच्या वस्तू आपोआप कमी होतात आणि समारंभाची मजा तयारीच्या दिवसापासूनच सुरू होते.

आधी वेळ ठरवावी

खर्चाचा मोठा भाग किती मुलांना बोलावले आणि किती वाजता बोलावले यावर ठरतो. संध्याकाळी सातचे निमंत्रण दिले की जेवण घालावेच लागते. साडेचार ते साडेसहा अशी वेळ कळवली तर मधल्या वेळच्या खाण्यावर भागते, आणि पाहुण्यांच्या घरीही कोणाला गैर वाटत नाही. दोन खोल्यांच्या घरात आठ ते बारा मुले नीट खेळू शकतात. नातेवाईक आणि मुलांचे मित्र एकाच दिवशी बोलावण्याचा आग्रह नसावा. आपल्याकडे तारीख आणि तिथी असे दोन वाढदिवस असतातच. तिथीला आजी-आजोबा, काका, आत्या यांच्यासमवेत औक्षण करून गोडाचा शिरा करावा आणि तारखेचा दिवस मुलांसाठी मोकळा ठेवावा.

पताकांचा हिशेब

घोटीव कागदाचा मोठा ताव साधारण २० बाय ३० इंचांचा असतो. त्यातून ५ इंचांचे २४ चौकोन निघतात. प्रत्येक चौकोन कर्णावर दुमडून घडीत सुतळी धरली आणि आतून खळ लावून दोन्ही बाजू चिकटवल्या की त्रिकोणी पताका तयार होते. घोटीव कागद एका बाजूने रंगीत व दुसऱ्या बाजूने पांढरा असतो. पांढरी बाजू आत ठेवली की पताका दोन्हीकडून रंगीत दिसते, आणि दुहेरी झाल्यामुळे पंख्याच्या वाऱ्याने ती गुंडाळली जात नाही. घडीची लांबी सुमारे ७ इंच होते. दोन पताकांमध्ये २ इंचांची जागा सोडली तर एका तावात १८ फूट माळ होते, म्हणजे १२ बाय १० फुटांच्या खोलीच्या चारही भिंतींना तीन ताव पुरेसे होतात. खळ घरच्या मैद्याची शिजवून घ्यावी. सहा वर्षांचे मूल हे काम आनंदाने करते. कडा थोड्या वाकड्या आल्या तरी मोठ्यांनी त्या पुन्हा करू नयेत, अशी आमची मनापासून विनंती आहे.

बाजार कसा भरवावा

परीकथा, जंगल, अवकाश या कल्पना चांगल्याच आहेत, पण त्यांत बहुतेक खर्च देखाव्यावर होतो. आठवडी बाजारात मुले स्वतः दुकानदार आणि गिऱ्हाईक होतात, म्हणून कमी खर्चात आम्ही हीच कल्पना सुचवतो. दारातच प्रत्येक पाहुण्याच्या हाती जुन्या साडीच्या तुकड्याचा बटवा द्यावा आणि त्यात कार्डशीटची दहा नाणी ठेवावीत. खोलीत चादरी अंथरून चार-पाच दुकाने मांडावीत. भावाच्या पाट्या मुलांनीच रंगवाव्यात. अर्ध्या मुलांनी दुकाने सांभाळावीत, उरलेल्यांनी खरेदी करावी आणि अर्ध्या तासाने अदलाबदल करावी. एरवी लाजणारी मुले दुकानदार झाली की मोठ्याने भाव पुकारू लागतात.

एक दुकान भिरभिऱ्यांचे असावे. त्यासाठी १५ सेंटिमीटरचा चौकोनी कागद दोन्ही कर्णांवर दुमडून उलगडावा, चारही कोपऱ्यांतून मध्याकडे कापत यावे आणि मध्याच्या दोन सेंटिमीटर आधी थांबावे. कापल्यावर जी आठ टोके होतात, त्यांतली एकाआड एक चार टोके मध्यावर आणून त्यांतून टाचणी घालावी. कागद आणि काठी यांच्या मध्ये एक मणी ओवायला विसरू नये, कारण मणी नसला तर कागद काठीला घासतो आणि भिरभिरे अडते. काठीच्या जागी मागे खोडरबर असलेली पेन्सिल घ्यावी व टाचणी त्या रबरात आडवी खुपसावी. टाचणी घालण्याचे आणि पलीकडे आलेले टोक पक्कडीने वाकवून दाबण्याचे काम मोठ्यांनीच करावे. पेन्सिली आणि मणी डझनाने हवे असतील तर रविवार पेठेतील बोहरी आळीत ते घाऊक भावाने मिळतात, तेथूनच घ्यावेत.

दुसरे दुकान बियाण्याचे असावे. स्वयंपाकघरातलीच मेथी आणि हलके रगडून दोन भाग केलेले धणे कागदी पुड्यांत बांधावेत. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, धण्यांना अधिक दिवस लागतात, हे पुडीवर मुलांच्या अक्षरात लिहावे. तिसऱ्या दुकानात नेम धरून डबे पाडण्याचा खेळ मांडावा. मुले आठ वर्षांहून मोठी असतील तर काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांपासून चौकोन, घन असे आकार जोडण्याचे दुकानही रंगते. काड्यांचा गूल आधी खरवडून टाकावा. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचे असे कितीतरी प्रकार अरविंद गुप्ता यांनी मुलांपर्यंत पोहोचवले. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संशोधन संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिका या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर या कृती विनामूल्य पाहता येतात, मराठीतही.

शेवटचे दुकान भेळेचे असावे. पंधरा मुलांना अर्धा किलो कुरमुरे पुरतात. कांदा, टोमॅटो, चिंचेची चटणी आणि शेव वेगवेगळ्या वाट्यांत मांडून मुलांनाच आपापली भेळ कालवू द्यावी. कोणाला शेंगदाणे चालत नाहीत का, हे निमंत्रण देतानाच विचारून घ्यावे. भेळ पळसाच्या द्रोणात द्यावी. मुले भिरभिरे आणि पुड्या बटव्यातून घरी नेतात, त्यामुळे वेगळी परतभेट लागत नाही.

काय टाळावे

थर्माकोलच्या ताटल्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या व सजावटीचा थर्माकोल यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी लागू झाली आहे. केकभोवती उडवले जाणारे फेसाचे स्प्रे आम्ही विक्रीस ठेवत नाही, कारण त्यांतील वायू ज्वालाग्राही असू शकतो आणि पेटत्या मेणबत्तीजवळ तो भडकून चेहरा भाजण्याचा धोका असतो. रस्त्यावर मिळणाऱ्या गॅसच्या फुग्यांत हायड्रोजन असण्याची शक्यता असल्याने तेही निरांजनाजवळ आणू नयेत. साधा फुगा फुटला तर त्याचे तुकडे लगेच उचलावेत. लहान मुले ते तोंडात घालतात आणि ते घशात अडकू शकतात.

दुकानात येताना मुलांची संख्या, त्यांची वये आणि खोलीची लांबी-रुंदी लिहून आणावी, म्हणजे जरुरीपुरतेच साहित्य देता येईल. वाढदिवसाला आठ दिवस असतानाच आलात तर पताका करायला मुलांना पुरेसा वेळ मिळतो. ताव चौकोनात कापून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही, आणि न कापलेले, न चुरगळलेले ताव उरल्यास ते परत घेऊन त्यांची पूर्ण रक्कम देतो. मुलांना सोबत आणल्यास कागदांचे रंग त्यांनाच निवडू द्यावेत.