छोटा उपग्रह म्हणजे खेळणं नव्हे

नाशिकमध्ये शाळा-कॉलेजांच्या विज्ञान प्रदर्शनात छोट्या उपग्रहाच्या मॉडेलपाशी पालकांच्या तोंडून हमखास ऐकू येतं, "ही पोरांची हौस. खरं तंत्रज्ञान मोठ्या उपग्रहातच." हा समज वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो साफ चुकीचा आहे.

नवं, न वापरलेलं यंत्र शेकडो कोटींच्या उपग्रहावर बसवायला सहसा कुणी धजत नाही. जमिनीवर निर्वात कक्षात, हादरे देऊन चाचण्या होतात. पण दीर्घकाळची वजनरहित अवस्था, किरणोत्सर्ग आणि साधारण दर दीड तासाला पालटणारं ऊन-सावलीचं चक्र, हे सगळं एकत्र कक्षेतच मिळतं. म्हणून आधी छोटा उपग्रह.

पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' उपग्रह घ्या. वजन जेमतेम एक किलो. २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने तो वर नेला. दिशा सांभाळायला त्यात चुंबक होता. होकायंत्राच्या सुईसारखा तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहतो, आणि त्यासाठी वीज लागत नाही. किती सुंदर कल्पना! हीच तर पारखायची होती.

इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेत प्रत्येकी सुमारे २२० किलोचे दोन छोटे उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी कक्षेत एकमेकांना जोडले गेले. चांद्रयान-४ आणि भारतीय अंतराळ स्थानकाला हेच तंत्र लागणार आहे.

अवकाशात कचरा वाढतो ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यावरही काम सुरू आहे: पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यावरच प्रयोग बसवणारा 'पोएम-३' उपग्रह सोडून झाल्यावर खालच्या कक्षेत आणला गेला आणि मार्च २०२४ मध्ये वातावरणात शिरून नष्ट झाला.