सीटमागचं पॅनेल गोंदाने का चिकटत नाही?

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाणारी, लग्नसराईत खानापूर-निपाणी करणारी घरची गाडी सहसा रिकामी धावत नाही. पुढच्या सीटच्या पाठीला मागून जे प्लास्टिकचं पॅनेल असतं, ते या सगळ्या प्रवासांचा मार खातं. मागच्यांचे गुडघे, पोरांच्या लाथा, खिशात कोंबलेल्या पाण्याच्या बाटल्या, आणि उतरताना त्यालाच धरून उठणारी वडीलधारी माणसं. मग कधीतरी वरचा हुक तुटतो, खालच्या कोपऱ्याला चीर जाते आणि पॅनेल खडखडायला लागतं. सुटं पॅनेल लगेच मिळेलच असं नाही. म्हणून आपण इन्स्टंट गोंदाची ट्यूब काढतो.

"मामा, गोंद लावून बघू काय?" असं गॅरेजमध्ये विचारलं, की ठरलेलं उत्तर येतं: "लावा की. पण पयल्या खड्ड्यात सुटतंय बघा ते." मामांचं म्हणणं बहुतेक वेळा खरं ठरतं. पण यात गोंदाचा दोष फार थोडा. खरं कारण प्लास्टिकच्या पृष्ठभागात आहे. ते समजलं, तर हीच दुरुस्ती घरी बसून चांगली वर्षानुवर्षं टिकेल अशी करता येते.

जेवणाच्या डब्याचं एखादं झाकण घ्या, ज्यावर त्रिकोणात ५ हा आकडा आहे. ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी; सीटमागची बरीच पॅनेलंही याचीच असतात. त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि दुसरा थेंब स्वच्छ घासलेल्या काचेवर. काचेवरचा थेंब पसरून चपटा होतो. झाकणावरचा फुगीर राहतो आणि झाकण कलतं केलं की घरंगळतो. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, तर पीपीची पृष्ठऊर्जा त्याच मापात ३० च्या आसपास. द्रवाचा ताण पृष्ठभागाच्या ऊर्जेपेक्षा बराच जास्त असला, की द्रव पृष्ठभागावर पसरण्याऐवजी स्वतःतच गोळा होऊन बसतो. इपॉक्सी, म्हणजे दोन ट्यूबा मिसळून लावायचा गोंद, त्याचा ताण ४० च्या पुढे जातो, त्यामुळे तेही पीपीला नीट भिजवत नाही. आणि जो गोंद पृष्ठभागाला भिजवत नाही, तो वाळून कितीही कडक झाला तरी नुसता वर ठेवलेला थर असतो. नखाने उचकटला तर अख्खा निघून येतो.

पीपीचा रेणू म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची लांबच लांब साखळी. तिच्यात ऑक्सिजन नाही, नायट्रोजन नाही, गोंदाच्या रेणूला धरायला काही नाही. इटलीच्या ज्युलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये या साखळीवरचे फाटे एकाच बाजूला ओळीने बसवून दाखवले, आणि १९६३ मध्ये कार्ल झीगलर यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. त्या शिस्तीमुळे साखळ्या एकमेकींना घट्ट लागून स्फटिक बनवतात. म्हणून पीपी चिवट आहे, पेट्रोल, तेल, अ‍ॅसिटोन काही लागलं तरी विरघळत नाही. गाडीसाठी हे गुण उत्तम, पण त्याच गुणांमुळे गोंदाचं काही चालत नाही. बंपर रंगवताना कारखान्यात आधी त्यावरून ज्योत फिरवतात किंवा खास प्रायमर मारतात. ज्योतीने वरच्या थरात ऑक्सिजनचे गट तयार होतात आणि रंगाला धरायला जागा मिळते.

तेव्हा पहिलं काम पॅनेल ओळखायचं. त्यासाठी ते काढावं लागतं. त्याआधी एक गोष्ट अजिबात विसरू नका: सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल, किंवा आत पिवळ्या प्लगची वायर दिसली, तर तिथे हात घालू नका, जवळपास उष्णता तर नकोच. ते काम जाणकाराकडे द्यावं.

बऱ्याच गाड्यांत खाली दोन स्क्रू किंवा दाबाच्या क्लिपा असतात आणि वर हुक. डिसेंबरातल्या सकाळी, बेळगावात धुकं असताना हे काम काढू नये. थंडीत प्लास्टिक ताठर होतं आणि शाबूत क्लिपही मोडते. गाडी तासभर उन्हात ठेवा किंवा हेअर ड्रायर फिरवा, मग प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू उचला. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तर कड चेपते.

पॅनेलच्या आतल्या बाजूला दोन बाणांच्या मध्ये इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. पीपी किंवा एबीएस (हे दुसरं एक प्लास्टिक) असं असेल तर काम सोपं झालं. पीपी-टीडी२० असेल तर पीपीमध्ये वजनाने २० टक्के टाल्कची पूड आहे. अक्षरं दिसली नाहीत तर तुटलेला कपचा पाण्यात टाकून पाहायचा, असं सांगतात. शुद्ध पीपीची घनता ०.९ च्या जवळ, म्हणून ते तरंगतं, एबीएस १.०५ च्या आसपास, ते बुडतं. पण वीस टक्के टाल्कवालं पीपीही बुडतं. म्हणून मला अ‍ॅसिटोनची परीक्षा जास्त भरवशाची वाटते. आतल्या, न दिसणाऱ्या जागी अ‍ॅसिटोनचा बोळा क्षणभर दाबा. एबीएस चिकट होतं आणि बोळ्याला काळं लागतं. पीपीला काही होत नाही.

एबीएस निघालं तर निम्मी लढाई जिंकलीच. त्याच्या रेणूत नायट्रोजनचे गट आहेत, इपॉक्सी त्याला धरतं. त्याहून चांगला उपाय म्हणजे एबीएसचाच कीस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून खिरीएवढा दाट लगदा करायचा आणि चिरेत भरायचा. अ‍ॅसिटोन दोन्ही कडांना मऊ करतं, साखळ्या एकमेकींत शिरतात, आणि अ‍ॅसिटोन उडून गेलं की मागे एकसंध प्लास्टिक उरतं. इथे सांधा आणि पॅनेल एकाच पदार्थाचे होतात. मात्र अ‍ॅसिटोनची वाफ थंड हवेतही पेट घेते. समई, उदबत्ती, गॅस यांच्यापासून लांब, अंगणात बसा.

इन्स्टंट गोंदाबद्दल थोडं. त्यातलं सायनोअ‍ॅक्रिलेट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. १९४२ मध्ये अमेरिकेत हॅरी कूव्हर यांच्या गटाला बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक हवं होतं. हा पदार्थ हात लागेल तिथे चिकटतो म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला, आणि १९५८ मध्ये तोच गोंद म्हणून बाजारात आला. आपल्याकडे जुलैत भिंतींनाही ओल सुटते. त्या हवेत हा गोंद झटकन बसतो, पण त्याची वाफ आसपास पांढरट बुरशीसारखी जमते आणि काळं पॅनेल डागाळतं. शिवाय घट्ट झाल्यावर तो ठिसूळ होतो, गाडीच्या थरथरीला टिकत नाही. खाण्याचा सोडा भुरभुरून त्यावर गोंद सोडण्याची युक्ती एबीएसच्या छोट्या खळग्यासाठी ठीक आहे. सोडा अल्कधर्मी असल्याने गोंद क्षणात घट्ट होतो, पण चांगलाच तापतो. सुती कापडावर किंवा सुती मोज्यावर हा गोंद सांडला तरी असाच तापतो आणि कातडी भाजते. म्हणून सुती हातमोजे नकोत, चष्मा हवा.

आता चीर. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पॅटर्नच्या, म्हणजे ओतकामाच्या नमुन्याच्या, आतल्या कोपऱ्याला गोलाई देतात, हे बेळगावकरांना सांगायला नको. धारदार कोपऱ्यात ताण गोळा होतो आणि कास्टिंग तिथेच तडकतं. चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्ये याचं गणित मांडलं. पत्र्याला गोल भोक असेल तर कडेला ताण तिप्पट होतो, पण भोक चिंचोळं, टोकदार असेल तर कितीतरी पट वाढतो. चिरेचं टोक म्हणजे टोकदारपणाची हद्दच. शॅम्पूची पुडी कडेच्या बारीक खाचेपासून सहज फाटते, खाच नसलेल्या जागी ओढून ओढून बोटं दुखतात, तीच ही गोष्ट. तुम्ही चीर वरून बुजवली आणि टोक तसंच ठेवलं, तर पॅनेल पुढे फाटत जाणार. म्हणून काहीही भरण्याआधी टोकावर दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं. टोक कुठे संपतं ते नीट दिसत नसेल तर पॅनेल किंचित वाकवा. ताणलेला भाग पांढरट होतो, त्याच्या थोडं पुढे ड्रिल लावा. पाच मिनिटांच्या या कामाकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत, आणि माझ्या मते टिकाऊपणातला सर्वांत मोठा फरक यानेच पडतो.

पीपीची चीर वितळवून जोडावी लागते. आतल्या बाजूने चिरेवर व्हीच्या आकाराची खाच करा, पॅनेलच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत. भरायला पीपीच हवं: तुटक्या बंपरच्या आतल्या कडेची पट्टी चालते, कारण बंपरही बहुधा पीपी आणि रबर यांच्या मिश्रणाचे असतात. केबल टाय वितळवून भरा असं सर्रास सांगितलं जातं. पीपीवर ते फुकट जातं. केबल टाय नायलॉनचा असतो, तो सुमारे २६० अंशांना वितळतो, तर पीपी १६५ च्या आसपास. दोन्ही वितळले तरी त्यांच्या साखळ्या एकमेकींत मिसळत नाहीत. वरून सांधा झकास दिसतो आणि गार झाल्यावर नायलॉनची दोरी तशीच उचलून येते.

सोल्डरिंग आयर्नचं टोक ३०० अंशांच्या वर सहज जातं, म्हणून एका जागी ठेवून बसायचं नाही. धूर निघाला की समजा प्लास्टिक वितळत नाही, जळतं आहे, आणि जळालेल्या साखळ्या तुटलेल्या असतात. चिरेच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये आधी टाके घाला, मगच सलग भरत जा. पीपी थिजताना एक ते दोन टक्के आकसतं. एकाच बाजूने भरत गेलात तर पॅनेल केळीच्या सालीसारखं वळेल. खाचेत स्टीलच्या जाळीची चिंचोळी पट्टी दाबून बसवली तर ताण जाळी घेते. बंपर जोडणारे तापवून घालायच्या नागमोडी पिना वापरतात, त्या पीपीसाठीही सोयीच्या. बाहेर उरलेले पाय कटरने नीट तोडा. हे सगळं हवेशीर जागी करा, आणि रेक्झिन किंवा पीव्हीसी असलेल्या भागाला आयर्न लावूच नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा जहरी वायू निघतो.

तुटलेला हुक ही वेगळी अडचण. हुक नेमका बुडाशी मोडतो, आणि तिथे जोडायला चिमूटभर जागा असते. वर पॅनेल ओढलं की हुकावर सोलल्यासारखा जोर येतो. गोंद किंवा वितळवलेला सांधा सरकवण्याच्या जोराला चांगला टिकतो, सोलण्याच्या जोराला फार कमी. म्हणून तुटका हुक टोकाला टोक लावून जोडण्यात अर्थ नाही. खिडक्यांचं अ‍ॅल्युमिनियम काम करणाऱ्याकडून कोनाचा छोटा तुकडा आणा, त्याला हुकाच्या मापाने वाकवा आणि पॅनेलच्या आतल्या बाजूला रिपीट (रिव्हेट) मारून बसवा. प्लास्टिकच्या बाजूला रिपिटाखाली रुंद वायसर हवाच, नाहीतर रिपीट प्लास्टिक फोडून आरपार येतं.

इथे एका हिशेबाकडे लक्ष द्या. तापमान एक अंश वाढलं की एक मीटर पीपी सुमारे ०.१ मिलिमीटर वाढतं, अ‍ॅल्युमिनियम त्याच्या चौथाईएवढं. एप्रिलात बंद गाडी उन्हात उभी राहिली आणि पॅनेल सकाळपेक्षा ४० अंश जास्त तापलं, तर ३० सेंटिमीटर लांबीत पीपी १.२ मिलिमीटर वाढेल आणि पट्टी जेमतेम ०.३. उरलेल्या जवळपास एक मिलिमीटरने पॅनेल फुगतं किंवा रिपिटाभोवती चीर जाते. म्हणून लांब पट्टी लावायची झाली तर एका टोकाचं भोक गोल ठेवा आणि दुसऱ्या टोकाचं लांबट करा. पट्टीला सरकायला जागा मिळाली पाहिजे. टाल्कवालं पीपी थोडं कमी वाढतं, तरी भोक लांबटच ठेवावं.

जुन्या व्हॅनमध्ये अजून हार्डबोर्डवर रेक्झिन चढवलेली पॅनेलं दिसतात. पावसाळ्यात ओल पिऊन बोर्ड फुगतो, क्लिपांची भोकं फाटतात. तिथे डागडुजी करू नये. तीन मिलिमीटर प्लायवर जुन्याचा आकार आखा, कापा, प्लाय आणि रेक्झिन दोन्हींना रबराचा गोंद लावून हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, मग दाबा.

आणि काही पॅनेलं दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली असतात. सूर्याच्या अतिनील किरणांनी पीपीच्या साखळ्या तुटतात; त्याला रोखणारी रसायनं कारखान्यात मिसळलेली असली तरी वर्षांनुवर्षांत ती संपतात. पॅनेलवर बोट फिरवल्यावर पांढरी पूड लागत असेल आणि वाकवताच नवी चीर जात असेल, तर सांध्याच्या शेजारीच ते पुन्हा फुटेल. अशा वेळी जुने पार्ट विकणाऱ्यांकडून सावलीत राहिलेल्या गाडीचं पॅनेल शोधावं.

पॅनेल पुन्हा बसवताना आधी वरचे हुक, मग खालच्या क्लिपा. मोडक्या क्लिपा पुन्हा लावू नयेत, त्या दुकानात सुट्या मिळतात. मागच्या सीटवर बसा, गुडघ्याने दाबून बघा, मग अख्ख्या पाठीवरून तळवा फिरवा. अचानक ब्रेक लागला तर मागच्याचं डोकं आणि गुडघे इथेच आपटतात. म्हणून स्क्रूचं टोक, रिपिटाची धार, पिनेचा उरलेला पाय यातलं काहीही बाहेर लागता कामा नये. लागलं तर तिथे कानस फिरवा, आणि अ‍ॅसिटोनच्या लगद्याने जोडलेलं पॅनेल असेल तर निदान एक दिवस तरी खिशात बाटली ठेवू नका.