कणकेची गोळी आणि दाराची फट

मे महिन्यात ग्वाल्हेरला आंधी येते तेव्हा आधी आकाश पिवळं पडतं, त्यामुळे दारं-खिडक्या लावायला वेळ मिळतो. गेल्या खेपेला आम्ही सगळं लावून बसलो होतो. वारा निवल्यावर पाहिलं, तर बैठकीच्या फरशीवर दारापासून आत पंख्याच्या आकारात पिठूळ धूळ पसरलेली! ग्वाल्हेरच्या लश्कर भागातलं आमचं घर जुनं, दरवाजा सागवानी, आजोबांच्या वेळचा. आई त्याच्या पायाशी जुनेराची सुरळी लावून ठेवते, पण वारा काय फक्त खालूनच येतो?

हिशेब करून पाहिला. दार सात फूट उंच, तीन फूट रुंद. दोन्ही बाजूंना आणि वर २ मिलिमीटर फट, खाली १ सेंटिमीटर. बेरीज साधारण १९० चौरस सेंटिमीटर. नऊ इंची विटेची दर्शनी बाजू याहून थोडी लहानच भरते. म्हणजे भिंतीतली एक वीट काढून ठेवल्यासारखंच झालं. त्यात ताशी ३६ किलोमीटरचा वारा समोरून आला, तर अख्ख्या दारावर दहा किलोंचा रेटा बसू शकतो. दार धडधडतं ते यामुळे, आणि त्याच दाबाने फटीतून धूळ आत घुसते.

हिवाळ्यात वारा नसला तरी हवा हलते. खोलीतली उबदार हवा हलकी, ती वरच्या फटीतून निसटते आणि तिच्या जागी खालून गार हवा शिरते. एसीच्या खोलीत नेमकं उलट, गारवा खालून वाहून जातो. उदबत्ती पेटवून चौकटीभोवती सावकाश फिरवा. धूर कुठे वाकतो ते पाहिलं की चोर सापडतो.

इथे एक गोष्ट आधीच सांगतो. ज्या खोलीत कूलर चालतो तिथे फटी बुजवायच्या पट्ट्यांच्या भानगडीत पडू नका. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो, तिला बाहेर पडायला वाट हवीच. नाही तर खोलीत नुसता दमटपणा साचतो आणि अंग चिकचिकतं. बंदोबस्त करायचा तो एसीच्या खोलीचा, थंडीचा आणि धुळीचा.

माझी पहिली फजिती फोमच्या पट्टीने झाली. बाड्यावरच्या (इथल्या बाजारातल्या) दुकानातून आणली, दुपारभरात चिकटवली, मे-जून मजेत गेला. ऑगस्टमध्ये कडी लागेना! पुढच्या मेमध्ये पाहिलं तर फोम पापडासारखा चपटा झालेला आणि फट पुन्हा मोकळी. दोष पट्टीचा होता तेवढाच माझा. लाकूड हवेतली ओल पितं आणि आडव्या दिशेने फुगतं, उन्हाळ्यात सुकून आक्रसतं. आपल्याकडच्या कोरड्या मे आणि ओल्या ऑगस्टमध्ये जुन्या दाराची फट दोनेक मिलिमीटरने सहज बदलते. तेव्हा मी मोजलं होतं फक्त उन्हाळ्यातलं माप.

मापायला कणीक उत्तम. सुपारीएवढी गोळी प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून चौकटीच्या खाचेत, जिथे दार टेकतं तिथे ठेवा, दार कडी लावून बंद करा, मग उघडून चपट्या गोळीची जाडी मोजपट्टीने मोजा. वर, मध्ये, खाली अशी तिन्ही ठिकाणी मोजा, कारण जुनी चौकट कुठेच सरळ नसते. हे काम एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात करावं. पट्टी अशी हवी की उन्हाळ्यात ती थोडी तरी दबेल आणि पावसाळ्यात निम्म्याहून जास्त दबणार नाही.

त्यासाठी पोकळ रबरी पट्टी बरी, इंग्रजी डी किंवा पी अक्षराच्या आकाराची. ती ईपीडीएमची आहे का ते विचारून घ्या. गाडीच्या दाराभोवती असतं तेच हे रबर. साध्या रबराच्या रेणूंच्या मुख्य साखळीत अणूंमधले दुहेरी बंध असतात, हवेतला ओझोन त्यांच्यावरच हल्ला करतो आणि रबराला तडे जातात. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत ते नसतात, म्हणून ऊन-वाऱ्यात ते टिकतं. खाली मात्र ब्रशची पट्टी लावा, उंचसखल फरशीवर केस आपोआप वाकतात.

लावताना चौकट स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या. पट्टी ताणू नका, ताणलेलं रबर रात्रीतून मागे सरकतं आणि कोपरे उघडे पडतात. बिजागरीच्या बाजूला पातळ पट्टी घ्या. तिथे दार अडकित्त्यासारखं दाबतं, जाड पट्टी असली तर बिजागरीचे स्क्रू उपटून येतात.

थंडीत सिगडी पेटवणाऱ्या खोलीला किंवा गॅस गीझरच्या न्हाणीघराला पट्टी लावूच नका. अर्धवट जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत पसरतो. आमच्या स्वयंपाकघराच्या बाहेर उघडणाऱ्या दाराखाली अजून बोटभर फट आहे. आईची सुरळी तिथे ठेवायला मनाई आहे.