थंडीत सोलर पॅनल चालत नाही? उलट जोरात चालतं

‘उत्तरेच्या गारठ्यात सोलर निकामी’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. पॅनलला प्रकाश लागतो, उष्णता नव्हे. तापमान २५ अंशांखाली एकेक अंश उतरलं की सिलिकॉन पॅनलचं व्होल्टेज सुमारे ०.३ टक्क्यांनी चढतं. उणे ४० ला जवळपास २० टक्के. खरा घात इथे होतो: एका माळेत (एकामागोमाग जोडलेल्या रांगेत) जास्त पॅनल जोडली तर व्होल्टेज मर्यादेबाहेर जाऊन इन्व्हर्टर जळू शकतो. म्हणून गावातलं नीचांकी तापमान धरूनच संख्या ठरवा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज करू नका, उबदार खोलीत ठेवा.

कॅनडाच्या युकॉनमधलं ओल्ड क्रो हे वुंतुत ग्विचिन या मूलनिवासी लोकांचं गाव. रस्ता नाही, डिझेल विमानाने येतं. २०२१ पासून सोलरमुळे उन्हाळी दिवसांत तिथले डिझेल जनरेटर बंद ठेवता येतात. हिवाळ्याच्या अंधारात मात्र डिझेल लागतंच. अडचण अंधाराची आहे, थंडीची नाही.